सेवा आणि सावधगिरी

‘सेवा’ हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र मानला जातो की त्याच्या शेजारी ‘सावधगिरी’ हा शब्द बसविला तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. जो मनुष्य स्वतःचा वेळ मोडून, पदरचे बसभाडे खर्चून, एखाद्या परक्या वृद्धाला दवाखान्यात नेतो, त्याच्याकडे का संशयाने पाहावयाचे? हा शुद्ध कृतघ्नपणा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन हा विषय पुढे नेता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, माणसाकडे संशयाने पाहावयाचे नाही. पण कामाची मांडणी अशी करावयाची की त्यात काही वावगे घडले तर ते झाकून राहू नये. या दोन गोष्टी एक नव्हेत. मंडळाचा हिशेबतपासनीस खजिनदाराला चोर मानून वह्या उघडत नाही. उलट तपासलेला हिशेब वार्षिक सभेपुढे आला म्हणजे प्रामाणिक खजिनदाराची मान ताठ राहते. पैशाच्या बाबतीत जे आपण बिनतक्रार मान्य करतो, ते माणसाच्या जीविताच्या आणि अब्रूच्या बाबतीत मान्य करावयास मात्र आपण कचरतो. असे का व्हावे, आणि त्यावर उपाय काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आज आपल्या शहरांतून व तालुक्याच्या गावांतून स्वयंसेवेचे काम पुष्कळ वाढले आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महिला मंडळे आहेत, महाविद्यालयांत १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आहे. कोणी एकट्या राहणाऱ्यांना जेवणाचा डबा पोचवितो, कोणी औषधे आणून देतो, कोणी अंध विद्यार्थ्यांना पुस्तक वाचून दाखवितो, तर कोणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ दोन तास बसून घरच्या सुनेला थोडी मोकळीक देतो. नोव्हेंबर महिना आला की हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारकांना बँकेत नेण्याआणण्याचे काम निघते. मुलगे पुण्यामुंबईस किंवा परदेशी गेलेले आणि आईवडील मागे राहिलेले, अशी घरे आता प्रत्येक आळीत आहेत. या घरांना स्वयंसेवक हा खरोखरच आधार आहे. म्हणूनच या आधाराची बांधणी नीट आहे की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

जोखमीतला प्रौढ म्हणजे कोण?

लहान मुलांना जपावे लागते, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रौढाची गोष्ट निराळी. तो मत देतो, करारावर सही करतो, स्वतःचे बरेवाईट त्याला कळते असे कायदा धरून चालतो. आणि ते योग्यच आहे. पण हाच प्रौढ मांडीचे हाड मोडून तीन महिने बिछान्याला खिळला की पाण्याचा पेला, औषधाची गोळी, दाराची कडी आणि बँकेचे पुस्तक या चारही गोष्टींसाठी तो दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागतो. ज्या हातून पाणी मिळते त्या हाताविरुद्ध तोंड उघडणे किती कठीण असते, याची कल्पना ज्याने असे दिवस काढले त्यालाच येईल. त्याची बुद्धी शाबूत असते, वाचा शाबूत असते. पण ‘मी बोललो आणि उद्यापासून हाही येईनासा झाला, तर?’ ही भीती त्याची जीभ धरून ठेवते.

इंग्लंडात हा विचार टप्प्याटप्प्याने झाला, आणि त्याचा इतिहास आपल्याला उपयोगी आहे. १९७५ साली तेथील एका डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकास पत्र लिहून, म्हाताऱ्या बायकांना होणाऱ्या मारहाणीकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. पुढे २००० साली सरकारने ‘नो सीक्रेट्स’, म्हणजे ‘गुपिते नकोत’, या नावाची मार्गदर्शिका काढली आणि नगरपालिका, पोलीस व आरोग्यखाते यांनी या कामी एकमेकांशी बोलले पाहिजे असे ठरवून दिले. त्यानंतर २०१४ साली ‘केअर अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. त्याने तीन कसोट्या घातल्या. त्या व्यक्तीला देखभालीची किंवा आधाराची गरज आहे काय? तिच्यावर अत्याचार किंवा तिची हेळसांड होत आहे, अथवा होण्याचा धोका आहे काय? आणि त्या गरजेपायीच तिला स्वतःचे रक्षण करणे अशक्य झाले आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असे दिसले, तर चौकशी करणे हे स्थानिक संस्थेचे कायदेशीर कर्तव्य ठरते. पूर्वी अशा माणसाला ‘दुर्बळ प्रौढ’ म्हणत; आता ‘जोखमीत असलेला प्रौढ’ म्हणतात. हा केवळ शब्दच्छल नव्हे. दुर्बळपणा माणसाला चिकटतो. जोखीम ही परिस्थितीची असते, आणि परिस्थिती बदलता येते. मोडलेले हाड सांधले की तोच गृहस्थ पुन्हा कोणाच्याही आधाराशिवाय बाजारात जाऊ लागतो.

अत्याचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण येते. परंतु त्याचे प्रकार अनेक आहेत. अंगचटीला जाणे व लैंगिक छळ हा एक; धाक घालणे, टोमणे मारणे, सगळ्यांपासून तोडून एकटे पाडणे हा दुसरा; पैसा, दागिना, घर यांवर हात मारणे हा तिसरा. वेळेवर अन्न-औषध न देणे, अंथरूण ओले असूनही न बदलणे, ही हेळसांडही त्यातच मोडते. आणखी एक प्रकार इंग्रजी कायद्याच्या मार्गदर्शिकेने वेगळा मांडला आहे, तो संस्थेच्या गैरवर्तनाचा. त्यात कोणी एक दुष्ट माणूस नसतो. सगळ्यांना सोयीचे म्हणून आठ वाजता दिवे मालवावयाचे, सगळ्यांना एकदमच आंघोळ घालावयाची, दार उघडे ठेवून कपडे बदलावयाचे, अशा पद्धतीच रूढ होऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, साठ वर्षांच्या पुढच्या दर सहा माणसांमागे सुमारे एकाला, संस्थांबाहेर आपल्या वस्तीत राहत असताना, वर्षभरात यांपैकी कोणता ना कोणता जाच सोसावा लागतो. वृद्धांवरील अत्याचाराच्या या संघटनेच्या व्याख्येत एक शब्द महत्त्वाचा आहे, तो ‘विश्वास’. जेथे विश्वासाची अपेक्षा असते अशा नात्यात होणारी इजा, असे ती म्हणते. चोर भिंत फोडून येतो. हा जाच दारातून, ओळखीच्या पावलांनी येतो. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे आपण म्हणतो ते याच अर्थाने.

एका प्रसिद्ध स्वयंसेवकाची गोष्ट

स्वयंसेवेच्या पांघरुणाखाली काय घडू शकते, याचे सर्वांत विदारक उदाहरण ब्रिटनमधले आहे, आणि ते सरकारी चौकशीत नोंदले गेलेले असल्यामुळे येथे देता येते. जिमी सॅव्हिल हा तेथील नभोवाणी व दूरचित्रवाणीवरचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम-निवेदक. १९६८ पासून तो लीड्स येथील मोठ्या रुग्णालयात विनावेतन हमाल म्हणून काम करू लागला. रुग्णांच्या खाटा ढकलू लागला. स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी नवे केंद्र उभारावयाचे होते, त्यासाठी त्याने प्रचंड निधी गोळा केला, आणि १९८३ साली ते केंद्र उघडले. ब्रॉडमूर या मनोरुग्णांच्या कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयात त्याच्याकडे किल्ल्या होत्या. १९८८ साली तर त्या रुग्णालयाच्या कारभारासाठी नेमलेल्या पथकाचे प्रमुखपदही त्याला मिळाले. १९९० साली त्याला ‘सर’ हा किताब देण्यात आला. २०११ साली तो वारला, तेव्हा सारा देश हळहळला.

एका वर्षाने, २०१२ च्या ऑक्टोबरात, दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात काही स्त्रियांनी तोंड उघडले आणि बांध फुटला. २०१४ व २०१५ साली रुग्णालयांचे चौकशी-अहवाल बाहेर आले. एकट्या लीड्सच्या रुग्णालयातून साठ जणांनी आपल्यावर झालेले अत्याचार सांगितले. त्यांत पाच वर्षांच्या मुलापासून पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळ्या वयांची माणसे होती. काहींनी त्या वेळीच परिचारिकांना सांगितलेही होते. ते वरिष्ठांपर्यंत पोचले नाही. स्टोक मँडव्हिलमध्ये तर त्याच काळात दहा तक्रारी झाल्या होत्या. त्यांतली नऊ तोंडी होती आणि एक रीतसर. एकीचीही गांभीर्याने दखल घेतली गेली नाही. तो मनुष्य या आरोपांबद्दल हयातीत एकदाही न्यायालयापुढे उभा राहिला नाही.

ही गोष्ट परदेशातली, मोठ्या शहरातली, एका नामांकित माणसाची. तिचा आमच्या गावच्या डबा पोचविणाऱ्या मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तेथे जे तीन दोष एकत्र आले, ते कोणत्याही छोट्या मंडळात येऊ शकतात. पहिला दोष असा की, जो मोबदला घेत नाही त्याला नियमही लावावयाचे नाहीत, असे सर्वांनी गृहीत धरले. पगारी नोकराला हजेरीपत्रक होते, वरिष्ठ होता; या उपकारकर्त्याला दोन्ही नव्हते. दुसरा दोष, ज्याच्या देणगीवर संस्था चालते त्याच्याविरुद्ध ऐकून घेण्याची संस्थेची छाती होत नाही. तिसरा दोष, तक्रार करणारा आजारी, म्हातारा, मनाने अधू किंवा पोर. त्याच्या शब्दाला वजनच नाही. दाता आणि दीन यांचे शब्द एका तराजूत तोलावयाचे ठरले तर पारडे कोणीकडे झुकणार हे सांगावयास नको.

या सर्व अहवालांतून निघालेले धडे केट लॅम्पार्ड यांनी २०१५ च्या फेब्रुवारीत एकत्र मांडले. रुग्णालयांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या येण्याजाण्यासंबंधी लेखी नियम करावेत. स्वयंसेवकांची निवड, शिक्षण आणि त्यांच्यावरील देखरेख यांची पद्धत तपासून पाहावी. आणि पोलीस-नोंदींची पडताळणी एकदाच न करता दर तीन वर्षांनी करावी, अशा शिफारशी त्यांत आहेत. त्या वाचताना ध्यानात येते की एकाही शिफारशीत ‘चांगली माणसे शोधा’ असे म्हटलेले नाही. चांगला माणूस कपाळावरून ओळखता येत नाही, हाच तर त्या प्रकरणाचा धडा होता.

पहिले पाऊल लहान असते

आपल्याकडे असे प्रकार बहुधा एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडत नाहीत. ते दुधात पाणी पडावे तसे थेंबाथेंबाने घडतात. समजा, एक निवृत्त शिक्षिका आहेत. मुलगा परदेशी, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. मंडळातर्फे एक तरुण दर आठवड्याला औषधे आणून देतो. पहिल्या महिन्यात तो पावती दाखवून उरलेली चिल्लर ओट्यावर ठेवतो. तिसऱ्या महिन्यात बाईच म्हणतात, ‘अरे, पावती कशाला? तुझ्यावर माझा विश्वास आहे.’ सहाव्या महिन्यात एटीएमचे कार्ड त्याच्याकडे राहते, कारण पुन्हापुन्हा देण्याघेण्याचा त्रास नको. मग त्याची बहीण आजारी पडते आणि बाई आपण होऊन दोन हजार देतात. वर्षाने तो न विचारता पाच हजार काढतो आणि स्वतःला सांगतो की परत करीन. या घटकेला तो चोर झाला. पण तो चोर म्हणून त्या घरात शिरला नव्हता. नियम असता तर कदाचित तोही वाचला असता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पावतीचा नियम बाईंचे जेवढे रक्षण करतो, तेवढेच त्या तरुणाचेही करतो. शिवाय उद्या बाईंची एखादी बांगडी आपोआप हरवली आणि शेजाऱ्यांनी त्याच्याकडे बोट दाखविले, तर वहीतील नोंदीवाचून त्याच्यापाशी दुसरा कोणता पुरावा असणार?

‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. विश्वासावाचून सेवा चालणारच नाही. पण विश्वास म्हणजे नोंद न ठेवणे नव्हे.

मंडळाने काय करावे?

यासाठी मोठा पैसा लागत नाही. एक वही, एक शिक्का आणि थोडी चिकाटी एवढ्यावर पुष्कळ होते. नव्या स्वयंसेवकाकडून लेखी अर्ज घ्यावा, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावे घ्यावीत, आणि त्या दोघांना खरोखरच विचारावे. पोलिसांकडून मिळणारे चारित्र्यपडताळणीचे प्रमाणपत्र मागावे. आपल्याकडे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना २०२० च्या पॉक्सो नियमांनी कर्मचाऱ्यांची पोलीस-पडताळणी घालून दिली आहे. परावलंबी प्रौढांच्या बाबतीत तोच न्याय आपण होऊन लावावयास कोणाची हरकत असणार? तथापि या प्रमाणपत्रावर फार विसंबूनही चालणार नाही. ज्याच्याविरुद्ध कधी कोणी बोललेच नाही, त्याचा कागद कोराच येणार. सॅव्हिलचाही कोराच आला असता.

म्हणून खरा भर पुढच्या व्यवस्थेवर द्यावा. पहिले तीन महिने नव्या माणसाने जुन्या माणसाबरोबर जावे. त्यानंतरही शक्य तेथे दोघांनी जावे. ते जमणार नसेल तर केव्हा गेलो, केव्हा परतलो, काय केले याची नोंद त्याच दिवशी करावी. आंघोळ घालणे, कपडे बदलणे यांसारखी कामे प्रशिक्षित परिचारकाकडे किंवा घरच्या माणसाकडेच ठेवावीत. पैशाच्या प्रत्येक देवघेवीची पावती ठेवावी. एटीएमचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी आणि घराची किल्ली या चार गोष्टी स्वयंसेवकाने कधीच स्वतःजवळ ठेवू नयेत. उसने घेऊ नये, देऊ नये. कोणाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये आणि बँकेत वारसदार म्हणून नाव लावून घेऊ नये. संक्रांतीचा तिळगूळ जरूर घ्यावा. सोन्याची अंगठी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो स्वयंसेवक घरी जातो, त्याच्यावाचून दुसऱ्या कोणीतरी महिन्यातून एकदा त्या वृद्धाला फोन करावा किंवा भेटावे, आणि एवढेच विचारावे, ‘कसे चालले आहे? काही बदलावेसे वाटते का?’ हा प्रश्न एकांतात विचारला गेला पाहिजे. बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकी एकाच माणसाच्या हाती असली, की ती केव्हा बंद झाली हे कोणाला कळत नाही. या कामी केरळातील अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे असाध्य रोगाने पीडलेल्यांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याचे काम मलप्पुरम, कोळिकोड या भागांत लोकांनीच उभे केले, आणि २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले. तेथे शिक्षण घेतलेले स्वयंसेवक आणि परिचारिका मिळून घरोघर जातात. अशा रीतीने काम कोणा एकाच्या मुठीत राहत नाही. रुग्णाला बोलावयास एकाहून अधिक माणसे असतात.

आणि हे सारे नियम प्रथम संस्थापकांना, अध्यक्षांना आणि मोठ्या देणगीदारांना लागू करावेत. ज्याला नियमातून सूट मिळते, नेमका तोच नियमाचा हेतू हाणून पाडू शकतो.

कोणी सांगितले तर?

एखाद्या दिवशी डबा द्यावयास गेलेल्या मुलीला आजी हळूच म्हणतात, ‘तुला एक सांगू? पण कोणाला सांगणार नाहीस ना?’ येथे पुष्कळ सज्जन माणसे चुकतात. ती वचन देऊन बसतात. वचन देऊ नये. ‘आजी, तुम्हाला मदत करू शकेल अशा एका माणसाला मला सांगावे लागेल, पण चारचौघांत मी बोलणार नाही,’ असे सरळ सांगावे. मग शांतपणे ऐकावे. उलटतपासणी करू नये, आपल्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडी घालू नयेत, ‘तो असे करणार नाही’ असे तर चुकूनही म्हणू नये. त्यांना काय हवे आहे ते विचारावे. घरी येताच, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी मंडळाच्या नेमलेल्या माणसाला कळवावे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतः जाऊन जाब विचारू नये. त्याने पुरावा नाहीसा होतो आणि आजींचे हाल वाढतात. जीवाला धोका दिसत असेल तर मात्र थांबू नये, ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. जो आरोपित आहे त्याला निकाल लागेपर्यंत कामावरून दूर ठेवावे. ही शिक्षा नव्हे, हे त्यालाही समजावून सांगावे. बहुतेक वेळा सांगितलेली कहाणी स्वयंसेवकाची नसून घरच्याच माणसाची असेल. तरीही पद्धत हीच.

येथे आपल्या समाजातील एक जुनी सवय आड येते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’, म्हणून मंडळाचे नाव राखण्यासाठी गोष्ट दाबली जाते. त्या माणसाला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा द्यावयास लावतात, निरोपाचा नारळही देतात, आणि तो पुढच्या आळीतील मंडळात दाखल होतो. ही अळीमिळी गुपचिळी म्हणजे सभ्यपणा नव्हे. ती पुढच्या घरी आपण पाठविलेली आपत्ती आहे.

प्रौढ हा प्रौढच असतो

सावधगिरीचा अतिरेकही होऊ शकतो, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. रक्षणाच्या नावाखाली वृद्धाला पोर करून टाकणे हाही एक जाचच आहे. एखाद्या आजोबांनी आपल्या बचतीतून शेजारच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे दिले, तर तो त्यांचा अधिकार आहे. आपल्याला तो निर्णय वेडेपणाचा वाटला म्हणून ते वेडे ठरत नाहीत. इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमताविषयक कायद्यात हे तत्त्व स्पष्ट आहे, आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही उपचाराच्या निर्णयाबाबत तेच मानले आहे. इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असे म्हणता येत नाही. पाहावयाचे ते इतकेच की, त्यांना सर्व माहिती होती काय, आणि त्यांच्या मानेवर कोणाचा हात तर नव्हता? विचारताना तो हात खोलीबाहेर असला पाहिजे.

कायद्याचे पाठबळ

कायदा आपल्या पाठीशी नाही, असा काहींचा समज आहे; तो खरा नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे, देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन कोणी ती अट मोडली, तर न्यायाधिकरणाला तो व्यवहार रद्दबातल ठरविता येतो. ज्याच्यावर वृद्धाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्याला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्याखाली केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना नियमांत, प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची यादी ठेवावी, आणि पोलिसांनी शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक बरोबर घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे म्हटले आहे. आपल्या पोलीस ठाण्यात अशी यादी आहे काय, हे जाऊन विचारण्यासारखे आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, दिव्यांगावर अत्याचार होत असल्याचे सकारण वाटले तर कोणीही मनुष्य किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवू शकते. आणि ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने तिचे अन्नपाणी जाणूनबुजून तोडले, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात विनावेतन काम करणारा स्वयंसेवकही येतो, आणि तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे अशी अट नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. किती मंडळांच्या कार्यकारिणीला हे ठाऊक आहे? वृद्धांसाठी १४५६७ हा देशभर चालणारा मदतीचा क्रमांक आहे, आणि मोफत कायदेशीर साह्यासाठी १५१०० हा आहे. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक डब्याबरोबर एकदा पाठवावेत. ते फ्रीजच्या दारावर चिकटले म्हणजे झाले.

व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर माणसे म्हणतात, ‘विषय चांगला होता.’ तेवढ्याने आमचे समाधान होणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी तीनच प्रश्न मांडावेत: आपल्या वतीने कोण कोणाच्या घरी जातो, याची नोंद आहे काय? त्या घरच्या माणसाशी स्वयंसेवकावाचून आणखी कोण बोलतो? आणि तक्रार करावयाची झाली तर ती कोणाकडे, हे त्या माणसाला ठाऊक आहे काय? तिन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवावीत. उत्तर ‘नाही’ असेल तर तसेच लिहावे आणि कोण, किती दिवसांत, काय करणार तेही खाली लिहावे. आपणही एक दिवस त्या खाटेवर असणार आहोत, आणि दाराशी वाजणारी पावले कोणाची आहेत याची चिंता न करता आपल्यालाही पडून राहता आले पाहिजे.